आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की आरटीएक्स ४०६० (८ जीबी)? आकडे बघून गोंधळ उडालाय

अर्धवट_रेंडर

नमस्कार मंडळी, माझ्याकडे सध्या जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, ४ जीबीवालं, आणि ते आता पार दमलंय. कार्ड बदलायचं नक्की केलंय पण दोन कार्डांमध्ये अडकलेय, आरटीएक्स ३०६० १२ जीबी आणि आरटीएक्स ४०६० ८ जीबी. दोन्हींच्या किमतीत एवढा फरक पडत नाहीये त्यामुळे पैशाचा मुद्दा बाजूला ठेवूनच सांगा.

मी दोघांची स्पेसिफिकेशन शेजारी शेजारी लिहून काढली आणि उलट जास्तच गोंधळले. ३०६० जुनं, २०२१ चं, तरी त्यात ३५८४ कुडा कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे घटक). ४०६० दोन वर्षांनी आलेलं आणि त्यात ३०७२. मेमरी १२ ची ८ झाली, बस (मेमरीपर्यंतच्या वाटेची रुंदी) १९२ बिटवरून १२८ बिटवर आली, बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा त्या वाटेने जातो) ३६० जीबी प्रति सेकंद होती ती २७२ झाली. म्हणजे नवीन कार्डात जवळपास सगळंच कमी, आणि तरी बेंचमार्कचा कुठलाही व्हिडिओ उघडला की ४०६० पुढे. हे कसं काय? कोणीतरी नीट समजावा.

मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० वॅटचा पॉवर सप्लाय, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. काम: संध्याकाळी गेम, बाकी दिवसभर ब्लेंडरमध्ये (३डी सॉफ्टवेअर) इंटिरियरचे सीन रेंडर करते (सायकल्स, म्हणजे त्यातलं रेंडर इंजिन). अधूनमधून लोकल एआय मॉडेल चालवून बघायची पण हौस आहे.

हेडशॉट_हुकला

४०६०. डोळे झाकून.

कोअर मोजत बसू नकोस, वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर एकमेकांशी मोजून काही हाती लागत नाही. ३०६० चा बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ आहे आणि ४०६० चा २४६०, गणित करून बघ, कोअर गुणिले दोन गुणिले क्लॉक, ३०६० चे १२.७ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) येतात आणि ४०६० चे १५.१. कमी कोअर आहेत पण पळतात जास्त जोरात. त्याचं कारण चिप बनवायची प्रोसेस, ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर बनलीये आणि ४०६० ची टीएसएमसीच्या ४एन वर. म्हणूनच वीज पण कमी, १७० वॅटच्या जागी ११५ वॅट. एवढ्या कमी वॅटचं कार्ड गरम पण होत नाही, पंखे पण बोंबलत नाहीत, आणि तुझ्या ५०० वॅटच्या सप्लायला तर काही कळणारच नाही.

१०८०पी ला बहुतेक गेममध्ये १५ ते २० टक्के पुढे आहे ४०६०, वर डीएलएसएस ३ चं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने बनवून घालणं), जे ३०६० वर चालतच नाही. रेकॉर्डिंग करत असशील तर एव्ही१ (व्हिडिओचा नवा फॉरमॅट) एन्कोडर पण ४०६० मध्येच आहे, ३०६० एव्ही१ फक्त डिकोड करतं, एन्कोड एच.२६४ आणि एचईव्हीसी पर्यंतच.

बिट_बाय_बिट

वरचं सगळं बरोबर आहे पण अर्धा प्रश्न तसाच राहिला, बँडविड्थ कमी असून कार्ड पुढे कसं जातं तो.

आधी तो आकडा कुठून येतो बघा. बसची रुंदी गुणिले मेमरीचा स्पीड भागिले ८. ३०६० मध्ये १९२ बिट आणि १५ जीबीपीएस मेमरी, म्हणजे ३६०. ४०६० मध्ये १२८ बिट आणि १७ जीबीपीएस, म्हणजे २७२. आता एनव्हिडियाने बस कापली पण त्या बदल्यात चिपच्या आतला एल२ कॅश वाढवला, आणि थोडाथोडका नाही, ३०६० मध्ये ३ एमबी आहे आणि ४०६० मध्ये २४ एमबी. आठपट. गेम चालू असताना एकाच फ्रेममध्ये तोच तोच डेटा पुन्हा पुन्हा लागतो, तो जर कॅशमध्ये सापडला तर बाहेर मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. टेबलावर हाताशी चार पुस्तकं ठेवली की दरवेळी कपाटापर्यंत उठून जावं लागत नाही तसं. एनव्हिडिया तर २७२ च्या शेजारी "इफेक्टिव्ह ४५३" असा आकडा पण छापते, तो कॅशचा फायदा धरून काढलेला आहे, मेमरी काही त्या स्पीडने धावत नाही. माझ्या मते हा आकडा छापणं जरा चलाखीच आहे.

पण कॅशच्या या युक्तीला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे रेझोल्यूशन वाढवलं की एका फ्रेमचा डेटा वाढतो, कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण घटतं, त्यामुळे १०८०पी ला जो फरक दिसतो तो वर जाताना आटतो. दुसरी जास्त महत्त्वाची. कॅशमुळे बँडविड्थची उणीव भरून निघते, जागेची निघत नाही. ८ जीबीत ९ जीबीचा माल मावणार नाही तो नाहीच मावणार, कॅश २४ एमबी असो नाहीतर दुप्पट असो.

आणि ८ जीबी म्हणजे पण पूर्ण ८ मिळत नाहीत. विंडोज, ब्राउझरचे टॅब, चॅटचं एखादं ॲप, हे सगळे आपापला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात.

बाकी तुम्ही बी४५० म्हणालात ना? मग एक गोष्ट स्पेसिफिकेशनमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात असते ती बघा. ४०६० पीसीआयई ४.० चं (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता) कार्ड आहे पण त्याला लेन फक्त ८ आहेत. ३०६० ला १६. बी४५० बोर्डवर स्लॉट ३.० चा, तिथे ४०६० ला साधारण ८ जीबी प्रति सेकंद एवढाच रस्ता मिळतो आणि ३०६० ला त्याच स्लॉटमध्ये जवळपास १६. सगळं व्हीआरॅममध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) मावत असेल तोपर्यंत हा फरक जाणवणार पण नाही, दोनचार टक्के इकडेतिकडे. पण एकदा व्हीआरॅम भरलं आणि डेटा सिस्टिम रॅममधून ये-जा करायला लागला की तो याच रस्त्याने जातो. म्हणजे ज्या कार्डाचं व्हीआरॅम आधी भरणार त्याच कार्डाचा रस्ता पण अरुंद. तुमच्या बोर्डवर हे दोन्ही एकत्र येतंय.

तिरकस_तिवारी

२०२१ आणि २०२३ च्या कार्डांवर एवढी पीएचडी चाललीये. सरळ ५०६० घ्या, नवी जीडीडीआर७ मेमरी आहे, ४४८ जीबी बँडविड्थ, विषय संपला. नाहीतर इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी आणि १९२ बिट, दोन्ही प्रश्न सुटले.

बिट_बाय_बिट

५०६० पण ८ जीबीच आहे आणि लेन पण ८ च, कार्ड पीसीआयई ५.० चं असलं म्हणून बी४५० वर काय फरक पडणार. वेगवान आहे हे खरं, पण जागेचा प्रश्न जिथल्या तिथे. बी५८० कार्ड म्हणून चांगलं आहे पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेलं मशीन लागतं आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची कामगिरी बरीच घसरते, ३६०० बरोबर तर मी नाही सुचवणार.

अर्धवट_रेंडर

इंटेल नको, माझी रेंडरची आणि एआयची दोन्ही कामं कुडा आणि ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअर प्रणाली) बसवलेली आहेत, ती सगळी पुन्हा जमवत बसायची ताकद नाही आता. याच दोघांत ठरवायचंय.

@बिट_बाय_बिट कॅशचं समजलं, धन्यवाद, लेनचं तर मी वाचलंच नव्हतं. पण मग ब्लेंडरला कॅशचा फायदा होतो का जागेचा तोटा जास्त? आणि व्हीआरॅम भरलं की नक्की होतं काय, बंद पडतं का?

नूडल_नोड

ब्लेंडरचं मी सांगते कारण इंटिरियर हेच माझं पण काम आहे.

सीन व्हीआरॅममध्ये मावत असेल तर ४०६० रेंडर आधी संपवतं, चांगल्या फरकाने. आरटी कोअर (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे) २८ च्या जागी २४ आहेत पण पुढच्या पिढीचे आहेत, किरण त्रिकोणाला कुठे लागला हे शोधायचं काम ते दुप्पट वेगाने करतात, आणि सायकल्समध्ये ऑप्टिक्स लावलं की हे काम सगळं त्यांच्याकडेच जातं. इथपर्यंत ४०६० वाल्यांशी माझं भांडण नाही.

आता इंटिरियरचा सीन घे. सोफ्याचं कापड, पडदे, लाकडी फ्लोअरिंग, भिंतीचं प्लास्टर, गालिचा, कुंडीतलं झाड. प्रत्येकाला ४के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र), कारण क्लायंटला क्लोजअप पाहिजे असतो. एक ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, झाले ६४ एमबी. डिस्कवर जेपीजी फाइल ३ एमबीची दिसते म्हणून फसायचं नाही, कार्डात ती उघडूनच बसते. एका मटेरियलला बेस कलर, रफनेस, नॉर्मल असे तीन मॅप धरले तर १९२ एमबी (रफनेस ग्रेस्केलमध्ये सेव्ह केला असेल तर थोडं वाचतं, पण बाजारातली अर्धी टेक्श्चर आरजीबीच असतात). अशी २५ मटेरियल झाली की ४८०० एमबी, आणि अजून एका खुर्चीची पण जॉमेट्री धरली नाहीये. त्यावर बीव्हीएच (किरण कुठे लागतो ते पटकन शोधायची रचना), झाडाची पानं, गालिच्याचे केस, मोठ्या रेझोल्यूशनला डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारा). आणि कोणी ८के मॅप टाकला तर त्या एकट्याचेच २५६ एमबी!

भरल्यावर बंद पडतंच असं नाही. सायकल्स टेक्श्चर सिस्टिम रॅममध्ये ढकलून पुढे चालू राहू शकतं, पण मग स्पीडची वाट लागते, आणि तुझ्याकडे रॅम १६ जीबीच आहे तेव्हा ती पण भरून डिस्क फिरायला लागली की चहा प्यायला जा, जेवून ये, तरी टाइल तिथेच. कधी कधी सरळ आउट ऑफ मेमरीचा लाल मेसेज येतो आणि मला विचारशील तर तो बरा, निदान कळतं तरी. व्ह्यूपोर्टमध्ये रेंडर प्रीव्ह्यू चालू ठेवून फायनल रेंडर दाबलं की सीनच्या दोन प्रती होतात ते वेगळंच.

हेडशॉट_हुकला

अहो पण २५ मटेरियलना सगळ्यांना ४के कशाला? ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय मध्ये जाऊन टेक्श्चर लिमिट २०४८ ला ठेवा, ६४ एमबीचे १६ होतात, चौथा हिस्सा. मागच्या भिंतीच्या प्लास्टरला ४के देऊन कोणाला दिसणार आहे. ऑप्टिमाइझ करणं हा पण कामाचा भागच आहे ना, त्यासाठी जुनं कार्ड घ्यायचं?

गेममध्ये पण तेच, टेक्श्चर अल्ट्रावरून हाय वर आणा, पळताना फरक दिसत नाही.

नूडल_नोड

लिमिट सगळ्या सीनला लागतं दादा, भिंतीला वेगळं आणि सोफ्याला वेगळं असं नाही. वेगळं पाहिजे तर एकेक इमेज हाताने लहान करत बसायचं. स्वतःच्या सीनमध्ये करते मी ते, पण क्लायंटकडून तयार मॉडेल येतात त्यात कोणी काय भरून ठेवलंय ते उघडल्यावरच कळतं.

बिट_बाय_बिट

गेमचं थोडं. "फरक दिसत नाही" हे सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघितल्यावर वाटतं. व्हीआरॅम भरल्याची लक्षणं सरासरीत कमी आणि १% लो मध्ये (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) जास्त दिसतात. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात मध्येच एक फ्रेम १०० मिलिसेकंदाची आली तर अख्ख्या मिनिटाची सरासरी जेमतेम हलते पण हाताला झटका बसतो, कॅमेरा वळवताना अडकल्यासारखं होतं. दुसरा प्रकार आणखी फसवा, काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप टेक्श्चरचा दर्जा उतरवतात, एफपीएसचा आकडा मस्त आणि समोरची भिंत चिखलासारखी. बेंचमार्कच्या बारमध्ये हे दिसतच नाही. २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांचे काय हाल झाले ते आठवत असेल, नंतर पॅचने बरंच सुधारलं म्हणा.

फ्रेम जनरेशनबद्दल पण, ते स्वतःची थोडी मेमरी खातं. म्हणजे जिथे जागा आधीच कमी पडतेय तिथे ते चालू केलं तर आगीत तेल. आणि आधीचे एफपीएस ६० च्या आसपास असतील तरच ते छान वाटतं, ३५ चे ६० करून घेतले तर डोळ्यांना ६० दिसतात पण माउस ३५ चाच लागतो. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ग्राफमधले मोठे मोठे बार फ्रेम जनरेशन चालू ठेवून काढलेले होते हे पण लक्षात ठेवा. डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) मात्र दोन्ही कार्डांवर चालतं, आणि ३०६० वर फ्रेम जनरेशन पाहिजेच असेल तर एएमडीचं एफएसआर ३ ज्या गेममध्ये आहे तिथे ते चालतं.

हेडशॉट_हुकला

एफएसआर ३ आणि डीएलएसएस ३ ला एका पारड्यात टाकलंत तिथेच आपली चर्चा संपली 😄

विजेचं कोणी बोलत नाहीये. ५५ वॅटचा फरक, रोज चार तास पूर्ण लोडवर धरले तर २२० वॅट-तास, महिन्याला साडेसहा युनिट. रेंडरवाल्यांचे चार तासात भागत नाही त्यामुळे त्यांचे जास्तच.

टोकन_मोजणारा

एआयचं कोणी लिहिलं नाही म्हणून लॉगिन केलं.

वर कॅशचं जे सांगितलंय ते लोकल भाषा मॉडेलला लागू होत नाही. मॉडेल एकेक टोकन (शब्दाचा तुकडा) बाहेर टाकतं तेव्हा प्रत्येक टोकनला सगळे वेट (मॉडेलचे साठवलेले आकडे) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागतात, म्हणजे दरवेळी अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा भरायचं, टेबलावरच्या चार पुस्तकांचा उपयोग शून्य. तिथे कच्ची बँडविड्थच चालते. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये साधारण ५ जीबी होतं. ३६० भागिले ५, म्हणजे ३०६० ची वरची मर्यादा सेकंदाला ७२ टोकन. २७२ भागिले ५, ४०६० ची ५४. प्रत्यक्षात दोन्ही याच्या खालीच राहतात पण क्रम हाच. जुनं कार्ड पुढे आहे असा हा एक प्रकार, आणि तो पण दोघांत मॉडेल मावत असताना.

१३-१४ अब्जाचं मॉडेल ४ बिटमध्ये ८ ते ९ जीबीच्या घरात जातं. १२ जीबीत ते संदर्भासकट (आधीच्या संवादासकट) बसतं, ८ जीबीत नाही. काही लेअर प्रोसेसरकडे ढकलून चालवता येतं पण मग वेग हातानं टाइप केल्यासारखा होतो.

प्रॉम्प्ट वाचायचं काम किंवा इमेज जनरेशन असेल तर गणित उलटं, तिथे हिशोब कंप्यूटवर असतो आणि ४०६० पुढे राहतं. पण मोठी मॉडेल, मोठं रेझोल्यूशन आलं की पुन्हा तेच, मावतंय का बघा.

अजून एक, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये सिसमेम फॉलबॅक म्हणून एक सेटिंग आहे. ते चालू असलं तर व्हीआरॅम भरल्यावर एरर येत नाही, काम गुपचूप रॅममध्ये जातं आणि लोक "कार्ड स्लो आहे" म्हणून ओरडत बसतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन बंद करून ठेवा, म्हणजे भरलं की लगेच कळेल.

अर्धवट_रेंडर

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. थोडं पचवायला वेळ द्या.

मी वापरते तेच आकडे बघायचे ठरवले तर कसे बघू? माझ्या १६५० मध्ये तर ४ च जीबी, मोठे सीन मी प्रोसेसरवरच रेंडर करते त्यामुळे कार्डात किती लागलं असतं ते कळतच नाही.

नूडल_नोड

प्रोसेसरवर रेंडर केलंस तरी चालेल. रेंडर विंडोच्या वरच्या पट्टीत मेमरी आणि पीक असे आकडे येतात, त्यातलं पीक लिहून घे. कार्डावर अगदी तेवढंच लागेल असं नाही पण अंदाज पक्का येतो. त्यावर विंडोज आणि बाकीच्यांसाठी एखादा जीबी वाढवून धर. तुझे सगळ्यात जड दोनतीन सीन घे, डेमो सीन घेऊ नकोस.

अर्धवट_रेंडर

करून बघितलं. एका साध्या बेडरूमचा सीन ३ जीबीच्या थोडा वर. किचनवाला ६ च्या आसपास. पण एका क्लायंटचा हॉल आहे, त्यांच्याच मॉडेलवाला, त्याचं पीक ९ जीबीच्या पुढे गेलं. टेक्श्चर लिमिट २०४८ लावून तोच परत केला तर ५ च्या खाली आला, आणि खरं सांगायचं तर लांबून फरक ओळखू आला नाही, सोफ्याच्या क्लोजअपला मात्र शिवण धूसर झाली, ती मला चालणार नाही.

हेडशॉट_हुकला

म्हणजे तीनातले दोन सीन ८ मध्ये बसतात आणि ते ४०६० वर लवकर होतात, रोज. एका हॉलसाठी बाकी सगळं हळू करणार?

नूडल_नोड

पैसे त्या हॉलचेच येतात ना.

अर्धवट_रेंडर

😂 ते मात्र खरं आहे. १४४ हर्ट्झचा मोह आहे पण बोर्ड एवढ्यात बदलणार नाहीये, आणि रेंडर प्रोसेसरवर टाकून रात्रभर मशीन चालू ठेवायचा मला कंटाळा आलाय. ३०६० कडे झुकलेय. घेताना काही बघायचं का?

बिट_बाय_बिट

हो, तीन गोष्टी. ३०६० नावाचं ८ जीबीचं पण एक कार्ड आहे, २०२२ च्या शेवटी आलेलं, त्याची बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० च. ते घेतलं तर दोन्हीकडचं वाईट पदरात पडेल. खोक्यावर १२ जीबी बघा आणि कार्ड लावल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडून बस विड्थ १९२ आणि कोअर ३५८४ आहेत ना ते तपासा.

दुसरं, तुमच्या १६५० ला बहुधा वेगळी वायर लागत नसेल, ते ७५ वॅटमध्ये स्लॉटवरच चालतं. ३०६० ला लागते, बऱ्याच मॉडेलना एक ८ पिनची. ५०० वॅटच्या सप्लायला ती वायर आहे का ते केबिनेट उघडून आधी बघा. प्रोसेसरची ८ पिनची वायर वेगळी असते, ती इथे बसवायची नाही. एनव्हिडिया दोन्ही कार्डांना ५५० वॅट सुचवते, चांगल्या दर्जाचा ५०० असेल तर ३६०० बरोबर चालून जाईल, नावगाव नसलेला असेल तर कार्डाआधी तो बदला.

तिसरं, वापरलेलं घेत असाल तर हे कार्ड क्रिप्टो मायनिंगच्या दिवसांत निघालंय. एनव्हिडियाने त्यावर हॅश रेट लिमिटर (मायनिंगचा वेग रोखणारा) लावून विकलं होतं आणि मग २०२१ च्या मार्चमध्ये स्वतःच्याच एका बीटा ड्रायव्हरमधून तो चुकून काढला पण होता, त्यामुळे बरीच कार्डं राबलेली आहेत. हातात आल्यावर पंखे फिरताना खरखर येते का ऐका, आणि तुमचा तो हॉलचा सीनच त्यावर अर्धा तास चालवून तापमान बघा.

नूडल_नोड

आणि ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिममध्ये जाऊन ऑप्टिक्सवर टिक कर, नुसतं कुडा ठेवलंस तर आरटी कोअर वापरलेच जाणार नाहीत.